तळ्यावरचं माळवद

आमच्या भागात आभाळ भरून आलं की माणसं कामं टाकून दारात उभी राहतात. म्हातारे हात जोडतात. अशा मुलखात आभाळाकडे बघून, "अरे बाबा, थांब ना जरा! कुठं जल्दी हाय तुला?" असं म्हणणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. मगरेसाहेब. पहिल्यांदा त्यांच्या तोंडून हे ऐकलं तेव्हा मी शाळेच्या ओट्यावर उभी होते आणि मनात म्हटलं, आलं सरकारी येडं आमच्याच नशिबी.

मी तेव्हा परतूर-मंठा रस्त्याच्या आत, एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. नव्वदच्या आसपासची गोष्ट. शाळेच्या पलीकडे माळ, आणि माळाच्या उतारावर एक बंद पडलेला कारखाना. कापसावर फवारायची औषधं तिथं बनायची. काही वर्षं चालला, मग एक दिवस कुलूप लागलं. मालक कुठला, कुठं गेला, कुणाला धड सांगता येत नव्हतं. यंत्रं गेली, पत्रे गेले, दारंखिडक्या गेल्या, शेवटी ते कुलूपही कुणीतरी नेलं. नेलं नाही ते एकच, कारखान्याच्या घाण पाण्याचं तळं. हिरवट पाणी, वर तेलाचा तवंग, खाली गाळ. वारा फिरला की असा वास सुटायचा की मी वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायची आणि पोरं पाढे म्हणता म्हणता खोकायची.

तळ्याच्या खालच्या अंगाला गयाबाईचा मळा आणि तिची विहीर. गयाबाई म्हणजे हाडापेरानं दणकट, तोंडानं त्याहून दणकट. ही विहीर तिच्या नवऱ्यानं स्वतः खोदली होती. खडक लागला तरी हटला नाही. विहिरीला पाणी लागलं आणि दोन उन्हाळ्यांत तो तापानं गेला. त्या पाण्यात डाळ अशी शिजायची की बाळंतिणीच्या घरून मुद्दाम घागर घेऊन माणसं यायची. आल्या-गेल्याला आधी तांब्याभर पाणी पाजायचं आणि "कसंय?" म्हणून तोंडाकडे बघत उभं राहायचं, ही गयाबाईची सवय. "लई गोड हाय" म्हटल्याशिवाय सुटका नसे. मी एकदा चेष्टेनं "बरंय" म्हटलं तर आठ दिवस बोलली नाही बया.

मग तिची दुभती म्हैस सुटून तळ्यावर गेली, पाणी प्याली आणि दिवस मावळायच्या आत पाय झाडून मेली. गयाबाईनं मंठ्याच्या कचेरीत जाऊन, साहेबाच्या दारातच फतकल मांडून असा काही गळा काढला, की आठवड्यात मगरेसाहेब गावात हजर.

पाण्याच्या खात्यातले इंजिनिअर म्हणजे मला वाटलं जीपमधून उतरतील. हे आले लुनावर. काळेसावळे, काटकुळे, भर उन्हात पूर्ण बाह्यांचा सदरा, मनगटाची गुंडीसुद्धा लावलेली. लुनाच्या हँडलला फिरकीचा तांब्या लटकवलेला, तो खड्ड्याखड्ड्याला खणखण वाजायचा. साहेब आले हे गावाला त्या तांब्यावरूनच कळायचं. माणूस मंठ्याकडचाच, बोलणं अस्सल आपलं. घरी बुद्धवंदना, बाहेर कामाशी काम.

त्यांनी तळ्याचं, विहिरीचं पाणी बाटल्यांत भरून नेलं आणि परत आले ते वाईट बातमी घेऊन. विहिरीत अजून काही उतरलं नव्हतं, पण उतरायला वेळ लागणार नव्हता.

"आजपासून ह्या विहिरीचं पाणी पिऊ नका," ते म्हणाले. "जनावरालाबी नको. शाळेजवळचा हापसा वरच्या अंगाला हाय, तिथलं प्या."

"अन् किती दिवस?" गयाबाईनं विचारलं.

"तळं जाईस्तोवर."

"कधी जाईल?"

"ते मला सांगता येत न्हाई, बाई."

गयाबाईनं मग त्यांच्या खात्याचा, सरकारचा आणि त्यांच्या लुनाचा जो उद्धार केला तो मी इथं लिहू शकत नाही. साहेब मान खाली घालून सगळं ऐकत उभे राहिले. तिचा दम संपला तेव्हा एवढंच म्हणाले, "तुमचं बराबर हाय."

तळं काढून न्यायचं तर नेणार कुठं? अशी घाण कायमची ठेवायला पक्की बांधलेली जागा लागते, आणि तशी जागाच तेव्हा आमच्या बाजूला नव्हती. "एकाच्या दारातनं उचलून दुसऱ्याच्या दारात टाकायचं, ते मी करणार न्हाई," असं ते म्हणायचे. तळ्याला ते पाव्हणा म्हणत. "हा पाव्हणा आज ना उद्या जाणार. पण तोवर त्याला नीट झाकून निजवून ठेवायचा. पाण्याचा एक थेंब त्याला दिसता कामा न्हाई. पाणी दिसलं की उठलाच तो, अन् चालला गयाबाईच्या विहिरीकडं." म्हणून पावसाशी त्यांचं भांडण. गावाला पाऊस हवा, साहेबांना काम पुरं होईस्तोवर नको.

त्या उन्हाळ्यात काम झालं. वरच्या अंगाला चर खोदून माळावरचं पाणी बाजूला वळवलं. तळ्यातलं वरचं पाणी पक्क्या हौदात काढलं, गाळात चुना आणि राख कालवून तो घट्ट केला, त्यावर जाड प्लास्टिक अंथरलं. मजुरांना रबरी हातमोजे आणि बूट दिले होते. उकडतं म्हणून कुणी हातमोजा काढला की साहेब लांबूनच ओरडायचे, "ए जावई! सासरी आलाय का? घाल तो!" आणि स्वतः पूर्ण बाह्यांत घामाघूम. वर मातीचे थर दाबून बसवले. मृगाच्या तोंडावर काम संपलं, कुंपण झालं. गावानं नारळ फोडला. लोक म्हणाले, चला, कटकट संपली.

साहेब म्हणाले, "झाकलंय. संपलं न्हाई."

हे त्यांचं पालुपद. पुढं ते मी किती वेळा ऐकलं, गणतीच नाही. पण ते किती खरं आहे हे आम्हाला पुढच्याच उन्हाळ्यात कळलं.

वैशाखात तळ्यावरच्या मातीला भेगा पडल्या. साध्यासुध्या नव्हेत, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल अशा. वरचा थर काळ्या मातीचा होता. आमच्याकडे काळी म्हणजे आई. तिच्याबद्दल कुणी वाकडं बोलत नाही, आणि हाताशी ढिगानं होती तीच. पाऊस डोक्यावर आलेला, म्हणून साहेबांनी तीच टाकून घेतली होती. काळी पावसात फुगते आणि उन्हात तडकते, हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण त्या घाईत कुणाच्याच डोक्यात आलं नाही. ना गावाच्या, ना साहेबांच्या.

त्या दिवशी साहेब गयाबाईच्या ओसरीवर डोकं धरून बसले होते. मी शाळेतून तिकडं गेले होते. गयाबाई शिडी लावून माळवदावर चढलेली. आमच्याकडच्या जुन्या घरांना मातीचं सपाट छप्पर असतं, ते माळवद. दर उन्हाळ्यात त्यावर पांढरी माती पसरून, चोपून नीट करावं लागतं, नाहीतर पावसाळ्यात घरभर भांडी मांडायची वेळ येते. गयाबाई टोपली पालथी करत होती आणि पांढरा धुरळा साहेबांच्या डोक्यावर उडत होता. त्यांनी वर बघितलं. बघतच राहिले. मग कपाळावर असा हात मारून घेतला की मी दचकले.

"बाई," ते मला म्हणाले, "लहानपणी दर साली आईसंगं जुन्या गावठाणावरनं ह्या मातीच्या टोपल्या वाह्यल्यात मी. माळवदावर काळी माती कुणी टाकलीय का कधी? मंग मी तळ्यावर कामून टाकली?"

संध्याकाळी त्यांनी मारुतीच्या पारावर गाव गोळा केलं. मला वाटलं आता कंत्राटदारावर ढकलतील, वरच्या साहेबावर ढकलतील. ते उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी हाय. घाईत काळी वर राह्यली. काळी वाईट न्हाई, पण ती खाली पाह्यजे, ओलीच्या ओली. तिच्यावर मुरूम, अन् मुरमावर पांढरी. तळ्यावर आपल्याला माळवद घालायचंय. अन् माळवद एकदा घालून भागत न्हाई, हे मी तुमाला काय सांगू?"

सरकारी माणसाच्या तोंडून "चूक माझी" हे मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. आणि गंमत म्हणजे, वर्षभर प्लास्टिक आणि चुना आणि थर समजावून जे गावाच्या गळी उतरलं नव्हतं, ते माळवद या एका शब्दानं उतरलं. जुन्या गावठाणाच्या टेकाडावरून बैलगाड्या लागल्या. पाऊस यायच्या आत तळ्यावर चोपून चोपून पांढरं माळवद झालं, मध्ये उंच आणि चारी बाजूंनी उतार. विहिरीच्या पाण्याची बाटली पुन्हा तपासायला गेली. ती चांगली निघाली तेव्हा साहेब शाळेच्या ओट्यावर बसून लहान पोरासारखे रडले. मी पाठ फिरवून फळा पुसत राहिले.

तेव्हापासून गावात रीतच पडली. उन्हाळ्यात ज्यानं-त्यानं आपलं माळवद केलं की एक टोपली तळ्यावर नेऊन टाकायची. साहेबांची बदली झाली, पुन्हा झाली, पण त्या दिवसांत तांब्याचा खणखणाट ऐकू यायचाच. रजा काढून यायचे. दगडी रूळ स्वतः ओढायचे, गुडघे टेकून भेगा शोधायचे, उंदरा-घुशींची बिळं बुजवायचे. आणि झाडं उपटायचे. येडी बाभूळ, निंब, काहीही उगवलेलं दिसलं की मुळासकट बाहेर. मुळं खाली गेली की पाण्याला वाट मिळते म्हणून.

या झाडांवरून एकदा मोठाच तमाशा झाला. तालुक्याचे एक पुढारी पावसाळ्यात झाडं लावायच्या कार्यक्रमाला आले आणि गावातल्या शहाण्यांनी त्यांना जागा दाखवली ती हीच! मोकळी, कुंपण घातलेली, सोयीची. हार झाले, फोटो झाले, माझ्या पोरांनी स्वागतगीत म्हटलं. मी शंका काढली, तर सरपंच म्हणाले, "बाई, झाडं लावणं काय वाईट असतंय का?" साहेबांना कुणाकडून कळलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी भर पावसात हजर. प्लास्टिकची खोळ पांघरून एकेक रोप त्यांनी मातीच्या गोळ्यासकट काढलं, पोटाशी धरून शाळेत आणलं आणि शाळेच्या कुंपणाकडेनं लावलं. काढलेला प्रत्येक खड्डा चोपून बुजवला. पुढाऱ्यानं ऐकल्यावर धमकीचा निरोप धाडला, घरी बसवीन म्हणून. साहेबांनी उलटा निरोप पाठवला: "तुमची समदी झाडं जिती हायेत. येऊन सावलीत बसा."

आणि खरंच, शाळेपुढे आज जी गर्द सावली आहे ती त्याच झाडांची. पुढारी कधी बसायला आले नाहीत ही गोष्ट वेगळी.

पण मला सांगायचंय ते पाण्याचं.

साहेब गयाबाईकडे जेवायचे, चहा प्यायचे. ती हापशावरून पाणी आणून करायची. विहिरीच्या पाण्याला मात्र ते शिवत नसत. तपासणीच्या बाटल्या चांगल्या येत होत्या तरीही नाही. दरवर्षी गयाबाई तांब्या घेऊन उभी राहायची, "साहेब, एक घोट घ्या. तुमी पिलात की मीबी पिईन." दरवर्षी ते मान हलवायचे. एवढी गोड पाण्याची विहीर दारात, आणि ही बाई डोक्यावर हंडा घेऊन हापशावर जायची. येता-जाता विहिरीत डोकवायची. तिच्या जिवाला ते किती लागत होतं ते मी बघत होते. नवऱ्याची एवढीच तर खूण होती तिच्याजवळ.

एका दिवाळीत तिचा बांध फुटला. साहेब फराळाला आलेले, मीही होते. ती एकदम म्हणाली, "साहेब, खरं बोला. राग हाय ना पोटात? माझी सासू तुमच्या माणसायला वरून पाणी वाढायची. धार धरायची, अन् ते खाली वंजळ करून प्यायचे. म्या डोळ्यानं पाह्यलंय. म्हून तुमी माह्या घरचं पाणी पीत न्हाई."

माझ्या हातातला लाडू हातातच राहिला. साहेबांनी फराळाची ताटली खाली ठेवली. मग हसले. त्या हसण्यात राग नव्हता, पण सगळं काही आठवत असल्याचं होतं.

"गयाबाई, माझ्या मायनंबी पेलंय तसं पाणी. दुसऱ्याच्या विहिरीवर, तास-तास उभं राहून. तसा राग असता ना, तर म्या पयल्याच दिवशी तुमच्या विहिरीत उतरून, तुमच्या देखत पेलो असतो. राग न्हाई. भेव हाय."

"कशाचं?"

"म्या पेलो की तुमी पिणार. तुमी पेलात की गाव म्हणणार, साहेबच पेला, म्हंजे झालं बराबर. अन् मंग पुढच्या साली तळ्यावर टोपली टाकायला कुणी येणार न्हाई. झाकलंय, बाई. संपलं न्हाई. ज्या दिवशी हा पाव्हणा जाईल, त्या दिवशी पयला तांब्या तुमच्या हातचा."

गयाबाईनं पदरानं डोळे पुसले. "तवर म्या जगले पाह्यजे ना, भाऊ," ती म्हणाली. त्या दिवसापासून साहेब तिचे भाऊ झाले. भाऊबीजेला करंज्या घेऊन तिचा मुलगा परतूरला जाऊ लागला, साहेबांच्या घरी.

वर्षं गेली. साहेब निवृत्त होऊन परतूरलाच राहिले. गुडघे गेले, एका डोळ्यानं दिसेना. लुना मोडीत गेली, एस.टी.नं येऊ लागले, तांब्या आता पिशवीत. गावात एकेक करून घरांवर स्लॅब पडले. गयाबाईच्या मुलानंही टाकला. कुणाला पांढऱ्या मातीची गरज उरली नाही. मला वाटलं, आता तळ्यावर टोपली कोण नेणार? पण स्लॅबवाली माणसंसुद्धा उन्हाळ्यात एक टोपली नेत राहिली. गावातलं शेवटचं माळवद ते तळ्यावरचंच.

आणि मग एकदाची ती बातमी आली. लांब कुठंतरी अशा घाणीसाठी पक्की जागा झाली होती, आणि आमचं तळं उचलायचा हुकूम निघाला होता. थंडीत झाकबंद ट्रक आले, नखशिखान्त झाकलेली माणसं आली. साहेब रोज सकाळी येऊन शाळेपुढच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसत. ट्रक निघाला की जागचे उठून उभे राहत, वाटेला लावायला आल्यासारखे. माळवद फोडलं तेव्हा खालची काळी ओलीच होती आणि प्लास्टिकवर पाण्याचा टिपूस नव्हता. तिथल्या तरुण इंजिनिअरनं स्वतः येऊन ते त्यांना सांगितलं.

शेवटचा ट्रक गेला त्या संध्याकाळी गयाबाई तांब्या घेऊन आली. साहेब म्हणाले, "एक पावसाळा जाऊ द्या. जमिनीत काय मुरलं असंल तर उतरंल. मंग तपासू, मंग पिऊ." मला इतका संताप आला! म्हटलं, साहेब, तुमचं वय बघा, तिचं बघा, किती ताणायचं? ते म्हणाले, "इतकं केलं बाई, आता शेवटाला घाई करू? घाईनंच काळी वर राह्यल्ती."

तो पावसाळा गेला. हिवाळ्यात तपासणी झाली, उन्हाळ्यात पुन्हा झाली. दोन्ही चांगल्या. साहेबांना आणायला मीच गेले, माझ्या स्कूटीवर. त्यांचा हात माझ्या खांद्यावर, हाडाचा आणि हलका. मला वाटलं होतं गाव जमेल, पण विहिरीवर फक्त गयाबाई होती. पार वाकलेली, तरी दोर स्वतःच ओढला. मला हात लावू दिला नाही. तांब्या तिनं घासून लख्ख केला होता.

साहेब काठी बाजूला ठेवून उकिडवे बसले. आणि काय झालं कोण जाणे, म्हातारपणाची सवय की आईची आठवण, त्यांनी हातांची ओंजळ केली आणि वर बघितलं.

गयाबाई तांब्या धरून थांबली. मग खाली बसली, गुडघे धरत, कण्हत. एका हातानं तिनं त्यांची ओंजळ सोडवली आणि तांब्या त्या हातांत दिला.

"वंजळ न्हाई, भाऊ. तोंड लावून प्या."

साहेबांनी तांब्या दोन्ही हातांत धरला. त्यांनी तांब्याला तोंड लावलं आणि सावकाश, डोळे मिटून प्याले. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळलं. अर्धा तांब्या झाल्यावर ते थांबले. गयाबाईनं तो त्यांच्या हातातून घेतला, तिथंच तोंड लावलं आणि उरलेलं सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं. मग पदरानं तोंड पुसून, पूर्वीसारखी त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "कसंय?"

"लई गोड हाय," साहेब म्हणाले.

मी बाजूला जाऊन रडले. लाज कसली त्यात.

परत निघालो तेव्हा उन्हं उतरली होती. शाळेजवळच्या वळणावर एक ओळखीचा म्हातारा बैल घेऊन घरी चालला होता. आभाळ कोरं होतं, पेरण्या खोळंबलेल्या. त्यानं हाक मारली, "साहेब, औंदा लांबला बरं का पाऊस!"

साहेबांनी माझ्या खांद्यावर थाप मारून स्कूटी थांबवायला लावली. चांगल्या डोळ्यावर हात धरून त्यांनी आभाळाकडे बघितलं, बराच वेळ.

"येऊ द्या आता," ते म्हणाले. "कितीबी येऊ द्या."